गाडीला उंदरासाठी जाळी बसवून घेतली: स्प्रे, यंत्र, टेप वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

कुडाळजवळ हायवेला लागून एक वायरमन आहे, गाड्यांची वायरिंग करतो, बॅटऱ्या विकतो. त्याच्याकडून आमच्या दोन्ही गाड्यांना स्टीलची जाळी बसवून घेतली, सोबत इंजिनातल्या उघड्या वायरिंगवर पाईप आणि मिरचीची टेप. मधे अख्खा पावसाळा गेला, गणपती गेले, दिवाळी गेली, आता शिमगा पण झाला, म्हणून म्हटलं आता लिहायला हरकत नाही. पाचपैकी साडेचार देते. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

आमचं घर मालवण तालुक्यात, खाडीच्या बाजूला. गाड्या दोन. एक आमची छोटी पेट्रोल हॅचबॅक, ती बाजाराला, दवाखान्यात, कोणाला स्टेशनवर सोडायला-आणायला लागते, बाकी वेळ उभीच. दुसरी भावजींची, ते मुंबईला असतात पण गाडी गावीच ठेवतात आणि स्वतः कोकणकन्या एक्सप्रेसने येतात, म्हणजे गणपती झाले की ती दिवाळीपर्यंत जागची हलत नाही आणि दिवाळीनंतर शिमग्यापर्यंत. दोन्ही गाड्या मांगरात, म्हणजे घराबाजूच्या शेडमध्ये, बाजूला लाकडं, सोडणं म्हणजे नारळाची सालं, भाताचा पेंढा, वर माड. कोकणात हेच चित्र घरोघरी आहे आणि उंदराला हवं ते सगळं त्यात आहे, कोरडी जागा, आडोसा, नुकत्याच फिरून आलेल्या इंजिनाची ऊब, आणि घरटं करायला बोनेटच्या आतल्या अस्तराचा कापूस.

आपल्याकडे उंदीर वर्षभर असतात पण गाडीकडे वळायचे त्यांचे हंगाम ठरलेले आहेत असं माझं निरीक्षण आहे. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस झाला की बिळांत पाणी जातं आणि ते वर येतात. मग दसऱ्यानंतर भात कापलं की शेतातलं खाणं संपतं आणि सगळी फौज घराकडे, मांगराकडे. नंतर काजूच्या बिया पोत्यात भरून गाडीशेजारीच ठेवलेल्या असतात. आणि मे महिन्यात आपणच गाडीतून आंब्याच्या पेट्या नेतो, पेटीतला पेंढा डिकीत सांडतो, मुंबईच्या पाहुण्यांसाठी सुका बांगडा, सोडे, जवळा त्याच डिकीतून जातो, पिशवी कितीही बांधा वास मॅटमध्ये बसतोच, आणि आपल्याला जो वास दोन दिवसांनी येईनासा होतो तो उंदराला येतच असतो.

वायरी का खातात यावर लोक खूप बोलतात. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, ते झिजवायला त्याला काही ना काही कुरतडावंच लागतं, हे मुख्य कारण. नवीन गाड्यांच्या वायरींच्या कोटिंगमध्ये सोयाबीन असतं म्हणून उंदीर येतात हे सगळ्यांनी ऐकलेलं असेल, अमेरिकेत त्यावरून होंडा, टोयोटावर खटले पण झाले होते, कंपन्यांनी ते मानलं नाही. मला विचाराल तर आमच्या सासऱ्यांच्या जुन्या जीपच्या वायरी पण उंदरांनी खाल्ल्या होत्या, तेव्हा सोयाबीन कुठलं. फरक खर्चात पडलाय. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाच्या नव्या नियमाच्या, बीएस-६ गाड्या आल्या, त्यात सेन्सर वाढले, त्यांच्या वायरी वाढल्या, त्यामुळे एक बारीक वायर तुटली तरी चेक इंजिनचा दिवा लागतो आणि गाडी कधीकधी चालूच होत नाही. आणि एक सांगते, चिचुंद्रीला उगीच दोष देऊ नका, ती किडे खाणारी, वायरींचं काम उंदरांचं, आणि आपल्याकडे बहुतेक वेळा तो माडावर चढणारा काळा उंदीर असतो.

आमच्या गाडीत काय झालं होतं ते नीट सांगते कारण त्यावरून जाळी कुठे लागते ते कळेल. एसी लावला की कुबट वास यायचा आणि हवा कमी यायची. वायरमनने ग्लोव्हबॉक्स काढला, आत येणारी हवा गाळणारा केबिन फिल्टर ओढला तर अर्धाच हातात आला, बाकी अर्ध्याचा भुगा ब्लोअरच्या पंख्याभोवती. त्या भुग्यात बोनेटच्या अस्तराचा करडा कापूस, आंब्याचा सुकलेला मोहोर, काजूच्या टरफलाचे तुकडे आणि एक जवळ्याची पुडी बांधलेला कागद, बारीक बारीक फाडलेला. ब्लोअरच्या दोन वायरींचं कोटिंग साफ सोललेलं, तांबं उघडं पडलेलं, आणि बाजूच्या प्लास्टिकवर दातांच्या जोडीजोडीच्या रेघा. तो म्हणाला ह्या रेघा ताज्या आहेत, पांढऱ्या दिसतात, जुन्या असत्या तर मळल्या असत्या. इंजिनाच्या बाजूला वायपरच्या पाण्याची नळी तोडलेली आणि एका ऑक्सिजन सेन्सरची वायर अर्धी खाल्लेली. पेट्रोलची रबरी नळी सुदैवाने शाबूत होती, ती खाल्ली की मग प्रश्न पैशाचा राहत नाही, गरम इंजिनावर पेट्रोल गळलं की आग लागू शकते.

उंदीर तिथे पोचला कसा? चाकावरून वर, तिथून इंजिनात, आणि इंजिनातून वायपरखालच्या जाळीदार प्लास्टिकच्या आत जिथून बाहेरची हवा केबिनला जाते त्या तोंडातून थेट ब्लोअरमध्ये. तिथे कंपनीकडून फारतर मोठ्या भोकांची प्लास्टिकची जाळी असते, आमच्या गाडीत ती पण कुरतडलेली होती. म्हणून सगळ्यात सोपी आणि फुकट गोष्ट पहिली, गाडी बंद करताना हवेचं बटण आतल्या हवेवर करून ठेवा, म्हणजे आतली झडप बंद राहते आणि निदान तो रस्ता अर्धा तरी अडतो.

जाळीच्या आधी बाकीचे उपाय सगळे वापरून झाले होते, त्यांचंही सांगते.

स्प्रे. दोन प्रकारचे वापरले, एक सर्व्हिस सेंटरला सर्व्हिसिंगबरोबर मारून देतात तो आणि एक दुकानात मिळणारा डबा. दोन्ही वाईट नाहीत. इंजिन थंड, धुतलेलं, कोरडं असताना मारला तर वास टिकतो आणि तोवर उंदीर येत नाही असा माझा अनुभव. पण डब्यावर जे महिने लिहिलेले असतात ते कोकणच्या पावसाला लागू होत नाहीत. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, रस्त्यावरचं लाल पाणी खालून इंजिनावर उडतं, गाडी धुवायला दिली की धुणारा प्रेशरचा पाईप बोनेटमध्ये फिरवतो, झालं, स्प्रे गेला. उन्हाळ्यात उभ्या गाडीला ठीक आहे, पावसाळ्यात वरचेवर मारायची तयारी असेल तरच. बेल्टवर आणि सायलेन्सरच्या गरम भागावर मारू नका हे डब्यावर लिहिलेलं असतं, ते पाळा.

आवाजाचं यंत्र. हे बॅटरीला जोडायचं, आपल्याला न ऐकू येणारा आवाज काढतं, म्हणजे २० किलोहर्ट्झच्या वरचा, काहींना लुकलुकणारा दिवा पण असतो. मला हे पटलं नाही. इतका उंच आवाज वस्तूच्या पलीकडे जात नाही, इंजिनात तर जागोजागी आडोसे, एअर फिल्टरच्या डब्यामागे, बॅटरीमागे आवाज पोचतच नाही आणि उंदीर बसतो तिथेच. शिवाय त्याला सवय होते. सुरुवातीला खरंच काही दिसलं नाही, मग यंत्राच्या बाजूलाच लेंड्या. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशी यंत्रं बनवणाऱ्या-विकणाऱ्या ६० हून जास्त कंपन्यांना पत्रं पाठवली होती की तुमच्या दाव्यांना शास्त्रीय पुरावा पाहिजे, म्हणजे हा वाद जुना आहे. आणि गावी उभ्या गाडीसाठी यातला खरा त्रास बॅटरीचा. हिशोब करा, छोट्या गाडीची बॅटरी ३५ अँपिअर-अवरची, गाडी बंद असताना घड्याळ, लॉक, कॉम्प्युटर मिळून समजा ३० मिलिअँपिअर खातात, म्हणजे महिन्याला साधारण २१-२२ अँपिअर-अवर, त्यात १० मिलिअँपिअरचं यंत्र जोडलं की अजून ७. महिन्याभरात बॅटरी जवळपास रिकामी. रोज चालणाऱ्या गाडीला फरक पडणार नाही, पण भावजी कोकणकन्याने सकाळी उतरून गाडी चालू करायला जाणार आणि किल्ली फिरवली की नुसता टक आवाज येणार. बॅटरीचा दाब कमी झाला की आपोआप बंद होणारी यंत्रं मिळतात, घ्यायचंच असेल तर तसलं घ्या.

डांबराच्या गोळ्या, तंबाखू, कापूर, फिनाईल, लसूण. सगळं करून झालं. डांबराच्या गोळ्या केबिनच्या हवेच्या तोंडाजवळ ठेवू नका एवढंच कळकळीने सांगते, त्याची वाफ एसीतून आत येते आणि लहान मुलं असतील तर ती अजिबात चांगली नाही. तंबाखूची पुडी ओलसर हवेत दोन दिवसांत बुरसते. कापूर उडून जातो. पुढे जाऊ.

मिरचीची टेप मात्र चांगली आहे. वायरीवर गुंडाळायची टेप, तिच्यात मिरचीचा तिखटपणा देणारं कॅप्सेसिन घातलेलं असतं, उंदराने चावा घेतला की तोंड भाजतं. होंडा कंपनी अमेरिकेत अशी टेप स्वतःच्या पार्टमध्ये विकते. इथे साध्या दुकानात मिळाली नाही, वायरमननेच मागवून दिली. वास आणि आवाज जिथे हरतात तिथे ही टिकते कारण ती वायरीवरच असते आणि उडून जात नाही. अडचण एकच, महाग आहे, सगळ्या वायरिंगला गुंडाळणं परवडत नाही, म्हणून सेन्सरच्या, इंजेक्टरच्या, ब्रेकच्या एबीएसच्या चाकाकडे जाणाऱ्या ज्या वायरी उघड्या आहेत तेवढ्यांनाच. आणि लावताना हातमोजे घाला, तो हात डोळ्याला लागला तर काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आता जाळी. मी वायरमनला विचारलं की स्प्रे परत मारू का, तर तो म्हणाला, "वयनी, वासान उंदीर चार दिस लांब रवतलो. तुमी वाट बंद केलास तर तो येवचोच नाय." आणि मग त्याने जे काम केलं ते बघून मला त्याच्याबद्दल आदर वाटला. आधी वायपरचे हात काढले, खालचं प्लास्टिक काढलं, हवेच्या तोंडावर पुठ्ठा धरून पेन्सिलने माप घेतलं, पुठ्ठा कापून परत बसवून बघितला, दोनदा कोपरा छाटला, आणि मगच जाळीला कात्री लावली. जाळीच्या चारी कडा आत दुमडल्या, दुमडलेल्या कडेवर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी चिकटवली म्हणजे जाळी प्लास्टिकवर घासून आवाज करणार नाही आणि आपला हात कापणार नाही. स्क्रू मारले नाहीत, गाडीच्या पत्र्याला भोक पाडलं की खाऱ्या हवेत तिथूनच गंज धरतो असं त्याचं म्हणणं, म्हणून कंपनीच्याच क्लिपांना स्टीलच्या तारेने बांधली. हे बघत मी तिथेच बसून होते आणि एवढं मन लावून काम करणारा माणूस बघितला की पैसे द्यायला जड जात नाहीत.

जाळीचं भोक पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या आसपास. छोटा उंदीर त्याहून जरा मोठ्या फटीतून सुद्धा शिरतो आणि मोठ्याला अर्धा इंच पुरतो, त्यामुळे डासांची जाळी उपयोगाची नाही, ती तो फाडतो, आणि कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी पण नाही, तिची भोकं मोठी. धातू कुठला हे कोकणात सगळ्यात महत्त्वाचं. जीआयची, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची जाळी स्वस्त, पण समुद्रकाठी तिचं जस्त जातं आणि गंजाची पावडर खाली ब्लोअरमध्ये पडते. आम्हाला त्याने ३०४ ग्रेडची स्टेनलेस लावली. त्याहून वरची ३१६ असते, तिच्यात मॉलिब्डेनम असतं म्हणून खाऱ्या हवेला जास्त टिकते, अगदी किनाऱ्यावर, देवगड-हर्णैसारखं बंदराला चिकटून घर असेल तर ३१६ मागा. आमची ३०४ पावसाळ्यानंतर काढून बघितली, एकदोन ठिकाणी तांबूस डाग, बाकी तशीच.

हवेच्या तोंडाशिवाय त्याने अजून तीन ठिकाणं धरली. इंजिनातून केबिनमध्ये वायरी जातात तिथलं रबर सैल होतं ते बदललं आणि भोवती जाळीचा तुकडा. एअर फिल्टरच्या नळीच्या तोंडाला जाळी, कारण फिल्टरच्या डब्यात घरटं करणं हा उंदरांचा आवडता प्रकार आहे. आणि मागच्या बंपरच्या आत हवा बाहेर जायच्या रबरी पट्ट्या असतात, दरवाजा आपटला की हवेचा दाब तिथून बाहेर जातो, ही जागा मला माहीतच नव्हती, तिथून डिकीत सरळ रस्ता आहे. तिथे जाळी बाहेरून लावली म्हणजे पट्टी हलायला मोकळी राहिली. रेडिएटरला मात्र जाळी लावायला त्याने स्पष्ट नकार दिला, गाडी तापेल म्हणाला, आणि खालून अख्खं इंजिन जाळीने बंद करायलाही, कारण चाकाचे, स्टिअरिंगचे भाग हलते असतात आणि तिथे काही अडकलं तर अपघात.

म्हणजे जाळीने केबिन आणि ब्लोअर पूर्ण वाचतात, इंजिन पूर्ण वाचत नाही, हे समजून घ्या. जाळी बसवल्यापासून केबिनमध्ये एकही लेंडी नाही, फिल्टर स्वच्छ. इंजिनात दिवाळीनंतर भावजींच्या गाडीत परत लेंड्या दिसल्या पण वायरी शाबूत, टेपच्या बाजूला पाईपवर थोडे दात मारलेले आणि तिथेच सोडलेलं.

जुन्या तुटलेल्या वायरी त्याने जोडल्या त्याबद्दल दोन शब्द. नुसत्या पिळून काळी टेप मारलेला जोड आपल्याकडे टिकत नाही, खाऱ्या दमट हवेत तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि पुढच्या पावसाळ्यात परत बिघाड. त्याने सोल्डर करून वर गरम केल्यावर आवळणारी चिकटवाली नळी चढवली. आणि पिवळ्या वेष्टनाच्या वायरी दिसल्या तर त्या एअरबॅगच्या, त्या कोणालाही जोडायला देऊ नका, त्याचं काम कंपनीकडेच. शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपने ऑक्सिजन सेन्सरच्या त्याच एका वायरीसाठी इंजिनाचं पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगा, बदलायला सांगितलं होतं, आकडा ऐकून माझा रात्रभर डोळा लागला नव्हता.

विम्याचं पण बघितलं होतं. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर यात काहीच मिळत नाही. पूर्ण विमा असेल तर पॉलिसीचे कागद वाचून मगच क्लेम करा, कारण १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले १००० रुपये आपलेच जातात, त्यावरच्या गाडीला २०००, रबर-प्लास्टिकच्या भागांवर साध्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापतात, आणि नो क्लेम बोनस जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत असतो. दोन-तीन हजारांच्या दुरुस्तीसाठी तो घालवणं मला तरी पटत नाही, पूर्ण हार्नेसच गेलं तर गोष्ट वेगळी.

गाडीला काहीही लावा, मांगर तसाच ठेवला तर उपयोग नाही, हे वायरमननेच सांगितलं आणि हे त्याचं नुकसान करणारं बोलणं होतं, तरी सांगितलं. आम्ही गाडीभोवती माणूस चालेल एवढी जागा मोकळी केली, सोडणं आणि पेंढा पलीकडच्या भिंतीला, काजू झाकणाच्या पिंपात, कुत्र्याचं उरलेलं जेवण रात्री उचलायचं. चिऱ्यांच्या फटी सिमेंटने भरल्या. माडावर उंदीर चढू नये म्हणून बुंध्याला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा मारतात ना, तसाच मांगराच्या लाकडी खांबांना मारला, आणि छपराला टेकलेली झावळं कापली. मुक्काम लांबणार असेल तर बोनेट उघडं ठेवतो, उजेड आणि उघडं अंग उंदराला नको असतं, पण हे फक्त छपराखाली, पावसात नाही. पिंजरा लावायचा तर भिंतीच्या कडेने लावा, भाजलेलं खोबरं किंवा सुकट ठेवा, आणि पहिले काही दिवस दार न लावता नुसतं खायला द्या, उंदीर नवीन वस्तूला बिचकतो, सवय झाली की मग दार लावा.

विष मी वापरत नाही आणि कोणी वापरू नये असं मला वाटतं. विष खाल्लेला उंदीर गाडीतच कुठेतरी जाऊन मरतो, मग तो वास काढायला डॅशबोर्ड खोलावा लागतो. आणि तो उंदीर मांजराने, घुबडाने, धामणीने खाल्ला तर तीही मरू शकतात, म्हणजे जे आपल्यासाठी फुकट काम करतात तेच आपण मारतो. चिकट कागद तर बघवत नाही, त्यावर पाली आणि पाखरं पण अडकतात. उंदीर आला की मागोमाग साप येतो हे मात्र लक्षात ठेवा, आमच्या शेजाऱ्यांच्या गाडीच्या बॅटरीशेजारी घोणस वेटोळं घालून बसलेली निघाली, म्हणून बरेच दिवस उभ्या गाडीचं बोनेट उघडण्याआधी त्यावर दोन थापा मारायच्या, लांब काठीने उचलायचं, आत सरळ हात घालायचा नाही.

लेंड्या साफ करताना पण जपा. पावसाळ्यात आपल्याकडे लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) तापाची भीती असते आणि तो उंदराच्या मुतातून पसरतो, हाताला साधी चीर असली तरी पुरे. हातमोजे, मास्क, आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवा, थोडा वेळ जाऊ द्या, मग ओल्या फडक्याने पुसा. कोरडा झाडू किंवा ब्लोअरने हवा मारून उडवू नका.

स्कूटरवाल्यांसाठी, जाळीचं काम स्कूटरला तो करत नाही. पुढच्या पॅनलमागच्या वायरींना पाईप आणि टेप एवढंच करतो आणि पेट्रोलच्या नळीवर स्टीलची विणलेली नळी चढवतो. ती चढवून घ्याच.

आता अर्धा मार्क. वायपरखालच्या जाळीवर पानं साठतात, आंब्याचा मोहोर साठतो, आणि खालची पाण्याची भोकं तुंबली की पावसाचं पाणी केबिनमध्ये उतरतं. आमच्या गाडीचा पायाखालचा गालिचा एकदा असाच भिजला. हे बसवतानाच सांगायला हवं होतं आणि जाळी चटकन काढता येईल अशी बांधायला हवी होती, आता त्याने तारेऐवजी क्लिप लावून दिल्या, पैसे घेतले नाहीत, पण ते आधी व्हायला हवं होतं. मे अखेरीला एकदा आणि पावसात अधूनमधून तिथे हात फिरवायचा.

दोन्ही गाड्यांचं मिळून मला पूर्ण हार्नेसच्या त्या आकड्याच्या पाव भागापेक्षा कमी लागलं, त्यात निम्मे पैसे टेपचे आणि जाळीचे. एका गाडीला जवळजवळ पूर्ण दिवस लागतो, सकाळी सोडा, संध्याकाळी न्या. गणपतीच्या आधी चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग असते तेव्हा जाऊ नका, त्यावेळी तो नवीन काम घेत नाही. नेताना इंजिन आदल्या दिवशी धुऊन कोरडं करून न्या, डिकी रिकामी करा, आणि केबिन फिल्टर नवीन स्वतः घेऊन जा, त्याच्याकडे सगळ्या गाड्यांचे मिळत नाहीत.